मला खोटं, तिला खरं

सोम. ६ जाने.
हे आज न उठवता उठले. बूट घालून आचोळ्याच्या तलावापर्यंत चालून आले! इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, अहो, चाला जरा. तेव्हा गुडघा दुखायचा. आता लेकीने फोनात शुगरचं ॲप टाकून दिलंय. त्यातली बाई म्हणते, "चला सुरेशजी, निघूया का?" की हे निघाले. गुडघा कुठे गेला? पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

गुरु. ९
ताटाचा फोटो काढल्याशिवाय जेवण नाही. वरण निवून जातं. "ती म्हणते, भात कमी, भाजी जास्त." मग मी काय वेगळं म्हणत होते? बयेचा आवाज गोड आहे, कबूल. ना कुकर लावायचा, ना भांडी घासायची. गोड बोलायला काय जातं.

शुक्र. १७, संकष्टी
ह्यांनीही उपास धरला. बरं वाटलं, एक दिवस तरी पोट हलकं. साबुदाण्याची खिचडी केली, बटाटा घालून, मऊ मोकळी. फोटो निघाला. बया म्हणते, "सुरेशजी, यात पिष्ट फार आहे. शुगर वाढेल." माझ्या स्वैपाकघरात, माझ्या उपासाला! वर हे हसले.
तिचं बरोबरही असेल. तरी तिने बोलायला नको होतं.
चंद्र उगवल्यावर नैवेद्याचे मोदक मी एकटीने खाल्ले.

रवि. २६
हे नंदाखालला मित्राच्या वाडीवर गेले होते. आल्यावर विचारलं, गोड काही खाल्लंत? "छे गं, शहाळं फक्त."
मी पोळ्या लाटतेय, तर टेबलावरून फोन बोलला, "सुकेळी खाल्लीत ते खरं सांगितलंत, छान केलंत. जेवणानंतर थोडं चालूया."
सुकेळी! केळी वाळवून केलेली, नुसती साखर. आणि मला शहाळं?
"तू ओरडतेस," म्हणाले.
ओरडते ती कोणासाठी? मला खोटं, तिला खरं. राग आलाच, पण हेवा जास्त. यंत्राचा हेवा. लिहितानाही लाज वाटते.

गुरु. ३०
संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला गेले. हे गॅलरीत, फोन तोंडाशी. ती विचारत होती, "आज मन कसं आहे?" रोज विचारते वाटतं.
हे म्हणाले, "दादाचा पाय कापला तेव्हापासून भीती वाटते. माझंही तसंच होईल."
मी दारातच. दादांना, ह्यांच्या थोरल्या भावाला, हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा रिक्षाभर हेच विनोद करत होते. मला वाटलं, खंबीर आहेत.
मला का नाही सांगितलं? मी दोन हातांवर तर...
कपडे तसेच राहिले दोरीवर.

शनि. १ फेब्रु.
सकाळी दोघांनाही बिनसाखरेचा चहा. हे बूट घालून तयार. कपबशा उचलता उचलता विचारलं, "आज मन कसं आहे?"
ह्यांनी आधी फोनकडे बघितलं. मग माझ्याकडे.
"ठीक आहे गं."
तिला कधी नुसतं ठीक म्हणत नाहीत. मी चपला घातल्या नि बरोबर निघाले. तलावाच्या कठड्याशी थांबून म्हणाले, "काल दादाचा फोन आला होता," आणि पाण्याकडे बघत राहिले. मी विचारलं नाही. थांबले नुसती.
परत आलो तर फोन टेबलावरच. घरीच विसरले होते. की ठेवून आले होते?