साबणाला कोण घाबरतं

सोमवार, ता. ९
जेवणाची सुट्टी

प्रिय ताईसाहेब, चष्म्याच्या दुकानाच्या महाराणी,

तुझ्या माकडाचा साष्टांग नमस्कार. तू बरी असशीलच. दाजीही बरे असतील, आणि नसले तर तूच त्यांना काहीतरी बोलली असशील. मी एकदम मजेत.

पत्र बघून छातीत धस्स झालं ना? काही नाही गं, फोनची काच फुटलीय. आमचा माल नेणारा ड्रायव्हर दर गुरुवारी तुझ्या दुकानावरून जातो, त्याच्याकडे देतो. ओळी तिरक्या झाल्यात त्याला मी जबाबदार नाही. इथे टेबल म्हणजे पालथं पिंप.

आधी आनंदाची बातमी. पिंपं ढकलून ढकलून खांदा निखळायची वेळ आली होती, आता मला फोर्कलिफ्टवर घेतायत! म्हणजे ती पुढे दोन सुळे असलेली गाडी, पिंपं उचलून ट्रकवर ठेवते ती. मुख्य म्हणजे बसून काम. दाजींनी शब्द टाकून मला इथे चिकटवलं तेव्हा म्हणाले होते ना, "हा महिनाभर टिकला तर मिशी काढीन"? त्यांना म्हणावं, वस्तऱ्याला धार लावा.

फक्त पुढच्या सोमवारी कंपनीचा डॉक्टर डोळे तपासणार. त्यावरून आठवलं. तुझ्या दुकानात भिंतीवर तो अक्षरांचा तक्ता आहे बघ, वर एक भलंमोठं अक्षर आणि खाली खाली मुंग्या. तूच म्हणालेलीस, तो छापील तक्ता सगळीकडे सारखाच असतो. तर त्यातली अक्षरं ओळीने उतरव आणि ड्रायव्हरकडे दे, शनिवारी तो परत येतो. डॉक्टरची गंमत करायचीय. डोळे मिटून सगळा तक्ता धडाधड म्हणणार, बिचारा खुर्चीतून पडेल. विसरू नकोस हं. नक्की दे.

कामाचं विचारशील तर आमचा माल म्हणजे फेसाचं केमिकल. मधासारखं घट्ट, पाण्यासारखं स्वच्छ, वाससुद्धा नाही. तुझ्या शांपूत, फरशी पुसायच्या बाटलीत, कापडाच्या गिरणीत, सगळीकडे हेच. फक्त तिथे चमचाभर आणि इथे पिंपभर. म्हणून सगळे त्याला साबणच म्हणतात, आणि साबणाला कोण घाबरतं? पिंपाच्या तळाचं उरलेलं घेऊन डबे घासतात, शर्ट धुतात. कोणी रबरी मोजे घातले की, "काय पाहुणे, कुठे निघालात नटून?" डोळे धुवायचा खास नळ आहे, दाबला की खालून दोन धारा थेट डोळ्यांत उडतात. त्याच्यावर नाना टॉवेल वाळत घालतात. नाना म्हणजे पिंपं भरणारे, इथले सगळ्यात जुने. हातांची कातडी वाळलेल्या चिखलासारखी तडकलीय, पण म्हणतात, "वयच झालंय रे, साबणाचा काय दोष?"

मुकादमाला आम्ही 'पाटी' म्हणतो. भिंतीवर सूचनांची पाटी आहे आणि हा ती दिवसभर म्हणत असतो. "चष्मा घाला. मोजे घाला. सांडलं तर आधी वाळू टाका, पाणी ओतू नका, घसरून पडाल. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाणी, दुखो न दुखो." मी त्याच्या मागे उभा राहून नुसते ओठ हलवतो. लोक पोट धरून हसतात.

शुक्रवारी तर कहर केला. माल ओढायचा पाइप धुवायला काढला होता. मी तो उचलून उजव्या डोळ्याला लावला, दुर्बिणीसारखा, आणि पाटीकडे बघून ओरडलो, "कप्तान, समोर टक्कल दिसतंय! जहाज वळवा!" पाइपात थोडा माल राहिला होता, तो आला ना घरंगळत डोळ्यात. मग काय, आयती संधी. हात पुढे करून चाचपडत निघालो, थेट नानांच्या गळ्यात पडलो. म्हटलं, "आई, तुला मिशा कधी आल्या गं?" हसून हसून एकाचा चहा नाकातून आला. पाटी एकटा ओरडत होता, "नळावर जा! पंधरा मिनिटं!" मी दोन हबके मारले आणि परत आलो. जळत नव्हतंच काही. शांपू तरी झोंबतो, हे उलट गार वाटत होतं.

भोंगा झाला. बाकी नंतर.

बुधवार
चहाची वेळ

ताई, काल फोर्कलिफ्टवर सराव होता. तशी गाडी सोपी आहे, गाढवासारखी. दाबलं की जाते, सोडलं की थांबते.

थांबवली मी. ऐक आधी.

पिंपांच्या रांगेजवळून जात होतो आणि उजवीकडून नाना आडवे आले. सुळे त्यांच्या पोटापाशी पोचले होते तेव्हा मी ब्रेक दाबला, तोही लोकांच्या किंचाळण्यामुळे. मागे पिंपं, पुढे सुळे, मध्ये नाना. पांढरेफटक पडले. मग हसायला लागले आणि मला टपली मारली, "मेल्या, म्हाताऱ्याला काय लोणी समजलास, सुऱ्या लावायला?" सगळे हसले. त्यांना वाटलं याची नेहमीची मस्करी. मीही हसलो.

ताई, मस्करी नव्हती. मला ते दिसलेच नाहीत.

फोनची काच फुटलेली नाही. फोन केला असता तर माझ्या नुसत्या हॅलोवरून तू मला पकडलं असतंस, म्हणून पत्र. आणि पिंपही सपाट आहे, ओळी तिरक्या माझ्यामुळेच.

रविवारपासून दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय. आधी मला वाटलं वा, फुकटात रोषणाई. मग चटक लागल्यासारखा मी डावा डोळा झाकून झाकून बघायला लागलो. काल झाकला तेव्हा घड्याळ दिसलं पण काटे नव्हते. आज झाकला तर अंघोळीनंतर आरशावर वाफ धरते ना, तसं. घड्याळ नाही, भिंत नाही, नुसती वाफ. पुसावीशी वाटते. मी पुसतोही, जोरात, आणि काही होत नाही. दुखत पण नाही. साधा डास चावला तरी मी घर डोक्यावर घेतो हे तुला माहितीय. मग एवढं काही झालं असतं तर दुखलं नसतं का?

तू म्हणशील, सांग ना कुणाला. अगं, शुक्रवारी सगळ्यांसमोर आंधळा झालो होतो मी! आता परत झालो म्हणून सांगितलं तर पैसे काढून फेकतील अंगावर, तमाशा छान करतोस म्हणून. आणि दाजींनी शब्द टाकलाय. आणि गाडी जाईल.

तर तू तक्ता पाठवच. उजव्या डोळ्यापुरताच हवाय. एकदा गाडी हातात आली की कुठेतरी दाखवून घेईन, शपथ. आईला सांगू नकोस.

गुरुवार
सकाळ, ड्रायव्हर ट्रक बांधतोय

तक्ता पाठवू नकोस.

आज पाटीने मला पुन्हा गाडीवर बसवलं आणि मंगळवारसारखं होऊ नये म्हणून सोबत माणूस दिला, हातवारे करून वाट दाखवायला. नानांनाच दिलं. नाना उभे राहिले माझ्या उजव्या बाजूला, खुशीत. "चल रे राजा, आज तरी जगू दे मला." त्यांचा आवाज येत होता. नाना नव्हते. नुसती वाफ, आणि त्या वाफेत काहीतरी हलत होतं, तो हात होता की भिंतीवरची सावली, देव जाणे. मला तक्ता पाठ झाला असता गं. नाना कसे पाठ करणार?

किल्ली काढली, उतरलो, पाटीच्या हातात दिली.

"साहेब, मला उजव्या डोळ्याने दिसत नाही."

मागून एकजण ओरडला, "नानांना मिशा आहेत हे तरी दिसतंय का?" हशा. नाना सगळ्यात जोरात हसले.

पाटी म्हणाला, "कामाच्या वेळी नाटक नको."

"नाटक नाही, साहेब."

त्याने माझी हनुवटी धरून डोळ्यात बघितलं. मग मला खिडकीपाशी नेलं आणि म्हणाला, "समोरच्या झाडाकडे बघ. हलू नकोस. काही टोचलं तर सांग." मी डाव्या डोळ्याने झाड बघत उभा राहिलो. वाट बघतोय, वाट बघतोय. हा काही करेच ना. मला वाटलं आता हाच माझी फिरकी घेतोय.

"सुरू करा की साहेब."

 मागचं हसणं बंद झालं होतं. मी मान वळवली तेव्हा कळलं. पाटीने धुतलेल्या रुमालाच्या टोकाची वात केली होती आणि ती माझ्या डोळ्यावर टेकवलेली होती. बुबुळावर, ताई. आणि माझी पापणीसुद्धा लवली नव्हती.

पाटी ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाला, "शुक्रवारपासून? अरे, हा माल आधी डोळा बधिर करतो, मग खातो. दुखायची वाट बघत बसलेल्याला ते कळतच नाही." मग म्हणाला, "मीच तुला धरून नळावर न्यायला हवं होतं." मी काहीतरी विनोद शोधत होतो. पहिल्यांदाच सापडला नाही.

नानांनी नळावरचा टॉवेल काढला. आता मला तिथेच बसवून धारा मारून घेतल्यायत, उशीर झालाय तरी. पाटी गाडी काढायला गेलाय, मोठ्या दवाखान्यात नेतोय. डोळा वाचेल का विचारलं तर म्हणाला, "चल आधी." तो माणूस एरवी पंधरा वाक्यं बोलल्याशिवाय थांबत नाही.

ड्रायव्हर हॉर्न मारतोय, दवाखाना कुठला ते तोच तुला सांगेल. ताई, पत्र मिळालं की दुकान तसंच टाक आणि निघ. दाजींना खरं काय ते सांग. आईला मी सांगेन, तू आल्यावर, तू शेजारी असताना.

दवाखान्यात मी कुठे ना कुठे बाकावर बसलेला असेन. लांबून हाक मारू नकोस, मी घाबरट झालोय दोन दिवसांत. माझ्या डाव्या बाजूने ये.

तुझं
माकड