दोन टीव्ही आणि एक खुबा

वरचीवाडी, जि. रत्नागिरी
दि. ९ ऑक्टोबर २०२२

चि. अनिल यास,
तुळसाकाकीचे अ. उ. आ. विशेष.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहोत. फोनच करणार होते, पण रेंज येते ती फक्त देवळाजवळच्या पारावर, आणि तिथे अर्धी वाडी बसलेली असते. मी हॅलो म्हटलं की सदू हातातले पत्ते खाली ठेवून ऐकायला लागतो. म्हणून पोस्टाला त्रास.

तुझे काका शिमग्यापासून लंगडतायत. विचारलं की सांगायचे, शेतात पाय मुरगळला. सहा महिने मुरगळलेला पाय मी तरी बाबा ऐकला नाही. शेवटी गेल्या मंगळवारी मला चक्कर येते असं सांगून त्यांना रत्नागिरीला नेलं. डॉक्टरांसमोर बसल्यावर म्हटलं, पेशंट मी नव्हे, हे! तेव्हापासून माझ्याशी अबोला आहे. पेज मागतात तीसुद्धा मांजराकडे बघून.

डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षी कोरोनात जी भारी औषधं दिली त्यांनी जीव वाचला, पण खुब्याच्या गोळ्याचं रक्त आटलं. खुबा बदलायला हवा. सहा महिन्यांत केलं तर चालतील, नाहीतर कायमचे खाटेवर.

खर्च दोन लाख चाळीस हजार. पतपेढीतल्या माणसाने आपल्या गळ्यात मारलेली पॉलिसी आहे, म्हणून मी जरा निश्चिंत होते. तर खिडकीवरची मुलगी म्हणते, साठीच्या पुढे वीस टक्के को-पे, म्हणजे कंपनी ऐंशी देणार आणि वीस आपण. वर हातमोजे, टोप्या, पट्ट्या यांचं कंपनी काहीच देत नाही. एकूण पंचावन्न हजार आपल्या पदरचे. अरे, हप्ता मी पुरता भरला की! तेव्हा कोणी म्हणालं नाही, काकी, तुम्ही ऐंशीच टक्के भरा. आणि होतं नव्हतं ते मागच्या वर्षी कोरोना वॉर्डातल्या डॉक्टर-नर्सच्या त्या पांढऱ्या पोशाखांच्या बिलात गेलं. रोजचे आठ पोशाख लावले होते. एवढे कपडे तर माझ्या लग्नात नव्हते.

हे म्हणतात, पैसे नाहीत, ऑपरेशन नाही, विषय संपला. तुझ्याकडून घ्यायला तर मुळीच तयार नाहीत, तुझ्या पोरांच्या फिया आहेत म्हणतात. तू हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीत बसतोस, तुला यातलं कळतं. काही मार्ग असेल तर सांग. केळशीला वेदिकेला कळवू नकोस. लेक दिवसांत आहे, उगाच धावत येईल.

सूनबाईस व मुलांस आशीर्वाद. उत्तर लवकर टाक.

तुझी,
काकी

मुंबई
दि. १७ ऑक्टोबर २०२२

ती. सौ. काकीस,
अनिलचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो आणि मग जेवण गेलं नाही. काकी, मार्ग आहे. आमच्या खिडकीवर रोज को-पेवरून लोक माझ्याशी भांडतात, त्यांना मी ज्या संस्थेचा पत्ता देतो तिचं नाव आरोग्यसाथी निधी. कोरोनामुळे किंवा त्याच्या औषधांमुळे मागे राहिलेल्या दुखण्याचा खर्च असेल, पॉलिसी असेल, पण वरची रक्कम झेपत नसेल, तर ती रक्कम ते थेट हॉस्पिटलला भरतात. परत करायची नसते.

फॉर्म मी भरला आहे. खुणा केल्यात तिथे काकांच्या सह्या घेऊन परत पाठव. सही करत नसतील तर वीजबिलाचं काही आहे म्हणून सांग. तुला फसवणूक शिकवायला नको.

मग त्यांच्या रत्नागिरीच्या निशिगंधा मॅडम घरी येऊन बघून जातील. त्यांच्या शेऱ्यावर सगळं अवलंबून आहे. तेव्हा घर नीटनेटकं ठेव, दोन गोड शब्द बोला, मॅडमवर चांगली छाप पडली पाहिजे.

काकांना माझा नमस्कार, रागावले असले तरी. तुमची माया आहे तशी राहो.

तुझा,
अनिल

वरचीवाडी
दि. ६ नोव्हेंबर २०२२

चि. अनिल यास,
काकीचे अ. उ. आ. विशेष.

मॅडम येऊन गेल्या! आणि छाप अशी पडली आहे की विचारू नकोस.

तू छाप पाडा लिहिलंस, पण आपल्या घरात आहे काय? एक खाट, एक पंखा, तोही पायाने ढकलल्यावर फिरणारा. मुंबईच्या पोराच्या ओळखीने बाई घरी येणार आणि तिला गोणपाटावर बसवायचं? मी सदूच्या बायकोला फक्त दोन खुर्च्या मागितल्या. तासाभरात वाडीभर झालं. बाबू जयगडच्या बंदरात कामाला आहे, त्याने सोफा आणला आणि चार माणसं लावून फ्रीजसुद्धा आणला. टीव्ही त्याचाही आला आणि सदूचाही. एकाला परत ने म्हटलं असतं तर शिमग्यापर्यंत रुसवा. म्हणून एक पडवीत ठेवला, एक माजघरात. बाबूच्या बायकोने माझ्या गळ्यात स्वतःची मोहनमाळ घातली.

ह्यांनी काय केलं ऐक. दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि काठी माळ्यावर टाकली. पाहुण्यासमोर काठी टेकत जाणं बरं दिसत नाही म्हणाले. रिक्षा थांबली तसे पाखाडीच्या सात पायऱ्या उतरून मॅडमना घ्यायला गेले आणि हसत हसत वर आले. मी आतून बघत होते, घाम नुसता कानावरून गळत होता.

मॅडम फार गोड. वयाने आपल्या वेदिकेएवढ्या. त्यांनी विचारलं, घरची परिस्थिती कशी आहे? हे म्हणाले, देवाच्या दयेने काही कमी नाही. पाय कसा आहे, तर म्हणाले ठणठणीत. वरचा खर्च जड जाईल का असं विचारलं, तर म्हणाले, आधी जेवून घ्या, पैशाचं बोलणं पाहुण्यांसमोर काढायचं नसतं. मग कोंबडीवडे, सोलकढी, वर दिवाळीचा फराळ. जाताना नारळ, सुपारी, नव्या तांदळाची पिशवी दिली. नियमात बसत नाही म्हणून त्या पळत होत्या, पण सदूने मागच्या बाजूने जाऊन रिक्षात टाकलंच.

त्या खूप वेळ लिहीत होत्या. दोन पानं भरली. आपलं काम झालं असं समज. ह्यांनी मात्र तेव्हापासून अंथरूण धरलं आहे, दोन बाटल्या तेल जिरवलं.

फराळाचं पार्सल मिळालं का ते कळव. तुम्हा चौघांना उदंड आयुष्य.

काकी

मुंबई
दि. २१ नोव्हेंबर २०२२

ती. सौ. काकीस,
सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला.

शेरा असा आहे: घरात सोफा, फ्रीज, दोन टीव्ही. गृहिणीच्या अंगावर सोन्याचा दागिना. रुग्ण आधाराशिवाय पायऱ्या चढतो-उतरतो व स्वतःच्या तोंडाने काही कमी नाही असे सांगतो. मदतीची निकड आढळत नाही. काकी, दोन टीव्ही? माझ्या घरी एकच आहे, तोही हप्त्यावर घेतलेला!

रागावणार होतो, पण छाप पाडा हे मीच लिहिलं होतं. आपल्या माणसांना अशी सूचना करणारा मी महामूर्ख. मी संस्थेच्या ऑफिसात जाऊन हातापाया पडलो. सगळी हकिगत सांगितली. तिथले साहेब चष्मा पुसत ऐकत होते, हसत होते की काय कळलं नाही. पुन्हा एकदा घरभेट देऊ म्हणाले, पण ही शेवटची. एप्रिलपर्यंत ऑपरेशन व्हायला हवं, एवढं फक्त ध्यानात ठेव.

आता एकच कर, घर आहे तसं दाखव. कुणाकडून चमचासुद्धा आणू नकोस. आणि काकांची काठी माळ्यावरून काढ, तुझ्या पाया पडतो.

लहानांवर लोभ ठेवा, चुका पोटात घाला.

अनिल

वरचीवाडी
दि. २८ नोव्हेंबर २०२२

चि. अनिल यास,
भागोजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

वीजबिल म्हणून माझ्या सह्या घेतल्यात त्या कशाच्या होत्या हे आता तुझं काकीला आलेलं पत्र वाचून कळलं. घरात माझ्याशिवाय सगळे हुशार झालेत.

मला हे प्रदर्शन पसंत नाही. माणूस दारात आला की काही कमी नाही असंच सांगायचं असतं, माझ्या बापाने पेजेला मीठ नसतानाही तेच सांगितलं. आता परक्या पोरीसमोर लंगडून दाखवू? ते काही जमणार नाही. दुसरी भेट रद्द कर.

हे झालं वरवरचं. आता खरं लिहितो, ते काकीला कळता कामा नये. पैशाची अडचण आहेच, पण माझं घोडं तिथे अडलेलं नाही. मला भीती वाटते. त्या वर्षी अकरा दिवस मी आत होतो. आपलं माणूस म्हणून कोणी नाही, सगळे पांढऱ्या पोशाखात, डोळे तेवढे दिसायचे. शेजारच्या खाटेवर पूर्णगडचे एक गृहस्थ होते, मला रोज माशांच्या गोष्टी सांगायचे. एके दुपारी मी डोळा लागून उठलो तर त्यांच्या खाटेवर नवी चादर आणि नवा माणूस. कुठे गेले विचारलं, कोणी सांगेना. तसं पुन्हा एकट्याने पडायची माझी छाती नाही. चौसष्ट वर्षांचा घोडा झालोय, लिहायला लाज वाटते.

हे पत्र वाचून फाडून टाक. पोरांना घेऊन मे महिन्यात ये.

तुझा,
भागोजीकाका

वरचीवाडी
दि. १८ डिसेंबर २०२२

चि. अनिल यास,
काकीचे अ. उ. आ. विशेष.

परवा मॅडम आल्या होत्या. आधी खाली बस, मग वाच.

मी वाडीत एवढंच सांगितलं की या वेळी घर आहे तसं दाखवायचंय. पण मागच्या वेळी आपल्यामुळे घात झाला हे वाडीच्या मनाला लागलं होतं. सकाळीच सदू आणि बाबू आले आणि माझ्याच वस्तू उचलायला लागले! खाट नेली, पंखा नेला, मिक्सर, तांब्याचा हंडा, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा. कॅलेंडर नसलं की माणूस गरीब कसा दिसतो, देव जाणे. मी ओरडतेय, तर सदू म्हणतो, काकी, तुम्ही मध्ये पडू नका. वर त्याची बायको खळ्यात बसून अशी रडायला लागली की रस्त्यावरून जाणाऱ्याने मयत झालंय समजून टोपी काढली असती.

मॅडम दारात येऊन उभ्या. बसायला काही नाही. एका कोपऱ्यात आम्ही दोघं, मध्ये रिकामी चूल. मॅडमचा चेहरा बघून हे जे भडकले! म्हणाले, बाई, मागच्या वेळी दाखवलं ते सगळं उसनं होतं आणि आत्ता दिसतंय तेही खोटं आहे. आम्ही इतके श्रीमंत नाही आणि इतके भिकारीही नाही. माझी खाट सदूच्या घरी आहे, चला, दाखवतो. आणि काठी घेऊन निघालेच.

अनिल, सदूचं घर पाखाडीच्या खाली, चाळीस पावलांवर. ह्यांना वीस मिनिटं लागली. एकेका पायरीवर थांबत होते. मॅडम पावलं मोजत मागून येत होत्या. शेवटच्या पायरीवर हे कुंपणाच्या दगडी गडग्यावर टेकले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. सगळ्या वाडीसमोर म्हणाले की मला ऑपरेशनची नाही, तिथे एकट्याने पडायची भीती वाटते. मॅडम गडग्यावर त्यांच्या शेजारी बसल्या आणि ऐकत राहिल्या.

छत्तीस वर्षं संसार केला रे, आणि मी आपली रोज पंचावन्न हजार, पंचावन्न हजार करत बसले होते. ह्यांची भीती तुला पत्राने ठाऊक होती, असं आता हेच म्हणतात. ह्यांनी सांगूनही भेट रद्द केली नाहीस ते बरं केलंस, पण मला कळवलं नाहीस. तुझा कान पिळायचा आहे, मे महिन्यात ये.

मग सगळ्यांनी माना खाली घालून सामान परत आणलं. मॅडम आमच्या खाटेवर बसून पेज आणि सुकटीची चटणी जेवल्या. बघितलं तेवढं लिहीन म्हणाल्या. या वेळी छापबिप काही पडली नसावी. तुमच्या खुशालीची वाट बघते.

काकी

मुंबई
दि. ९ जानेवारी २०२३

ती. सौ. काकीस व ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मंजूर! पूर्ण पंचावन्न हजार, हातमोजे-टोप्यांसकट. शेऱ्यात मॅडमनी लिहिलंय: चाळीस पावले, वीस मिनिटे. मदत तातडीने द्यावी. खाली आणखी एक ओळ आहे: रुग्णाजवळ घरचे माणूस सतत राहू द्यावे, अशी हॉस्पिटलला विनंती करावी.

काका, मी स्वतः डॉक्टरांशी बोललो. आता तसे दिवस नाहीत, खाटेशेजारी माणूस बसू देतात. काकी दिवसा, मी रात्री. आठ दिवसांची रजा टाकली आहे. आणि माझी पोरं म्हणतायत की फ्रीज बघायला बाबूकाकाकडे जायचं.

तुम्हा दोघांच्या पायावर डोकं.

अनिल

वरचीवाडी
दि. १६ एप्रिल २०२३

चि. अनिल यास,
काकीचे अ. उ. आ. विशेष.

तू गेल्यापासून पत्र टाकायचं राहून गेलं. दोन महिने झाले ऑपरेशनला, पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली. ह्यांनी सोडली ती मॅडमसमोर टाकली होती तशी नाही, खरीखुरी. केळशीला वेदिकेला मुलगी झाली, तिला बघायला एसटीने एकटे जाऊन आले. खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून कुरकुरत होते, पायाबद्दल अवाक्षर नाही.

आता रोज सकाळी पेज पिऊन बाहेर पडतात. कधी आंब्याच्या कलमांत, कधी वर कातळाच्या सड्यावर, कधी सदूकडे. वर्षभर मी चुलीकडून हाक मारली की खाटेवरून ओ यायची. आज भात वाढून तीनदा हाक मारली, ओ आली नाही. भात गार झाला, आमटीवर साय आली, आणि मी पायरीवर बसून वेड्यासारखी हसत होते आणि डोळे पुसत होते.

पुरे करते, ह्यांना शोधायला जायचंय. पोरांवर माझा जीव आहे हे त्यांना सांग.

तुझी,
काकी