भावाच्या हातची पहिली फांदी

३ सप्टें.
मैंदर्गी. शरणप्पांची डाळिंबं. पानांवर तेलकट डाग, एका फळाला काळी चीर. तेल्याच. दुसरं काही निघावं म्हणून पान पुन्हा पुन्हा उन्हात धरलं. नाही.
छाटणी सावडीतली. आज सगळे ह्यांच्याकडे, उद्या ह्यांच्या बहिणीच्या, गंगव्वांच्या बागेत. माणसं तीच, कात्र्या त्याच. रोग कात्रीच्या पात्यावरून जातो, आजच सगळ्यांना सांगा, म्हटलं.
"सांगतो की." मान खाली.

४ सप्टें.
सांगितलेलं नाही. गंगव्वांच्या बांधावर मीच बोलले. दर झाडाला कात्री औषधाच्या पाण्यात बुडवा.
"कात्रीला बी आंगूळ घालायची व्हय, मॅडम?" हशा. शरणप्पांच्या बागेचं कळलं आणि थांबला. कात्र्या पिशवीत, माणसं घरी. सावड मोडली.
तरी उशीरच. काल संध्याकाळीच इथे छाटणीचा नारळ फुटला होता. बहिणीच्या बागेत पहिली फांदी भावाने छाटायची, मान असतो. छाटली. स्वतःच्या कात्रीने. सगळं माहीत असून.
"न्हाई कसं म्हनू? मग कारन सांगावं लागलं असतं," शरणप्पा म्हणाले.
गंगव्वा त्यांना म्हणाल्या, "निनग गोत्तित्तेनु?" तुला माहीत होतं? एवढं कन्नड येतं मला.
फांदी छाटलेलं कोपऱ्यातलं ते झाड उपटून जाळा, गंगव्वांना म्हटलं.

११ सप्टें.
कॉलेजात माझं व्याख्यान, 'वनस्पती रोगशास्त्रातलं करिअर'. पीएच.डी. तेल्यावर, नोकरी तेल्यावर, केसही त्यातच पांढरे. एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, तेल्या बरा होतो?"
नाही. थोपवता येतो. कधीकधी.
टाळ्या. कशाबद्दल कोण जाणे.

१६ सप्टें.
पाऊस, दमट. नको तेच. गंगव्वांचा फोन. झाड उभंच. "पानं बरी हायती. भावानं हात लावल्यालं झाड कसं जाळू? तोंड बगत न्हाई मी त्याचं, ते येगळं."

२२ सप्टें.
दोघं ऑफिसात. गंगव्वांच्या डब्यात त्याच झाडाचं पान. एक डाग, मोहरीएवढा.
पानाची कड कापून पाण्याच्या थेंबात ठेवलीय. जंतू असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली धुरासारखे बाहेर सुटतात. थोडा वेळ लागतो, तोवर हे लिहितेय. बाहेर बाकावर दोघं, दोन टोकांना. मधे डबा.
शरणप्पा दारातून डोकावून गेले.
"मॅडम, घाई न्हाई. सावकाश बगा."