बिडाला गेलेली चीर

११ ऑगस्ट, सोमवार

राख ओलीच. झड थांबेना, कंपनीच्या बॉयलरमागचा ढीग चिखल होऊन बसलाय. राख ढकलायला ब्लेड लावलं की ट्रॅक्टर नाक खाली घालतो आणि मागची चाकं जाग्यावर फिरतात. दुपारी ढिगाच्या चढावर पायाखाली कट्ट असं वाजलं. क्लच रोजच्यापेक्षा डावीकडं सरकल्यासारखा वाटला.

कंपनीच्या गेटबाहेर आणून खाली वाकून बघितलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या हाउसिंगला तेल सुटलंय. त्यावर राख बसून कणकेच्या गोळ्यासारखी झालेली. फडक्यानं पुसली. बोल्टाच्या भोकापासून खाली एक केस चिकटलेला दिसला. माझाच असेल म्हणून नखानं काढायला गेले. निघेना.

केस नव्हता तो.

१२ ऑगस्ट

वेल्डिंगवाल्या बशीरभाईंकडं. पुढचं ब्लेड त्यांनी आणि ह्यांनी मिळूनच बसवलं होतं. हे जाऊन आता तिसरं वर्ष. बशीरभाई गाडीखाली पाठीवर पडून बराच वेळ बघत राहिले. बाहेर आले ते हात पुसत.

"आपा, ये बीड है. लोहा रहता तो जोड देता. बीड में जोड पकडता नै. आज जुड्या, कल खुल्या."

बीड म्हणजे ओतीव लोखंड, डाग धरत नाही. मोठ्या गाडीला खाली वेगळा सांगाडा जोडता येतो, ह्या बुटक्याला तसलं काही नाही. इंजिन, हाउसिंग, गिअरबॉक्स एकमेकांना धरून उभे, तोच त्याचा कणा. द्राक्षबागेत फवारणी करायची गाडी ही. आम्ही तिला राख ढकलायला लावली, आणि ढकलायचा सगळा जोर त्या मधल्या तुकड्यावर. ब्लेड धरणारे लोखंडी चॅनल पार मागच्या आसापर्यंत न्यायला पाहिजे होते म्हणाले. "उस वक्त सोचे नै, आपा. भाई बोले, काम चलता ना."

चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे पुढं सरकत नाही म्हणे. दोन्ही बाजूंनी पट्ट्या कसल्या. "सूखी राख, आधा ब्लेड. गिली राख नक्को," म्हणाले.

ऑगस्टात सुकी राख कुठून आणू.

१४ ऑगस्ट

मिलिंदला दाखवलं. माझा धाकटा दीर, माझी कंपनी आहे त्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतच गोदामात माल चढवायच्या गाडीवर ड्रायव्हर असतो. आमच्याच घराच्या पलीकडच्या दोन खोल्यांत राहतो. मोबाइलची बत्ती लावून बघितलं आणि म्हणाला, "वैनी, ही गाडी आता कामाला न्यायाची न्हाई."

"मग काय करू?"

"ते म्या काय सांगू. पर न्यायाची न्हाई."

चिरेच्या टोकाच्या भोकापुढं मी पांढऱ्या रंगाचा ठिपका लावला. वाढली तर कळेल.

२० ऑगस्ट

अर्ध्या ब्लेडनं काम. जिथं एकदा जायचं तिथं तीनदा. सुपरवायझर कानडीत, "याक निधान अक्का?" एवढं हळू कामून, विचारलं. कारण सांगितलं. गाडीखाली वाकून बघितलं त्यानं, चपलेनं चाकाला ठोकलं. कंपनी दुसरं मशीन लावायच्या विचारात आहे म्हणाला. एकदा ते आलं की राहतंय, अक्का.

दिवसभर तेच डोक्यात. त्या गेटमधून गाडी घेऊन आत जाणारी बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी वॉचमननं विचारलं होतं, ड्रायव्हर कुठाय? मी म्हटलं, मीच. त्यानं माझ्या मागं बघितलं, कुणी दिसतंय का म्हणून. आता तोच लांबून फाटकाचा बांबू वर करतो.

ह्यांनी शिकवलं ते स्वतःची कंबर दुखायला लागल्यावर. गावामागच्या पडीक रानात. म्हणायचे, कान दे, गाडी सांगते. मी कान देतेय. सांगतेय ते ऐकवत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

मिलिंदच्या मोटारसायकलवर बसून उदगीरला. भंगारवाल्यांची ओळ. मेलेले ट्रॅक्टर एकाला एक लावून ठेवलेले, सीट नाहीत, चाकं नाहीत, काहींवर कोंबड्या. आमचं मॉडेल आता निघत नाही. चौथ्या की पाचव्या दुकानात एक सापडला. तोच रंग, तोच बुटका. मिलिंदनं मला आधी हाक मारली नाही, खाली बघून मग मारली.

हाउसिंग तडकलेलं. त्याच बोल्टापाशी.

दुकानदार म्हातारा, बाजेवर बसल्या बसल्या म्हणाला, "ह्या गाडीचं दुखणंच ते. पुढं कायबी जोडा, हितंच जाती."

"चांगलं कुठं मिळंल?"

"मिळलं तर फोन करतो. आस धरू नका."

येताना भजी खाल्ली. मिलिंद सविताच्या गमती सांगत होता. सविता म्हणजे त्याची बायको, माझी जाऊ. मी हसले पण. त्याला मुद्दाम हसवायचं होतं, म्हणून.

६ सप्टेंबर

ठिपका ओलांडला. भोकाच्या पलीकडून नवी चीर, तिरकी.

आज काम थांबवलं. सुपरवायझरला सांगितलं, हाउसिंग मिळेपर्यंत येणार नाही. घरी सगळ्यांना एका जागी बसवून सांगितलं. कुणी हात लावायचा नाही. नुसती चालू पण करायची नाही.

सविता म्हणाली, "बरं झालं ताई. मला तर तिचा आवाजच नको वाटायचा."

९ सप्टेंबर

घरात बसून जीव रमेना. डबा करून ठेवला, मग आठवलं कुठं जायचं नाही. श्रुतीचा फोन. कलबुर्गीला नर्सिंगचं शिकते, होस्टेलला आहे. ताप येतोय म्हणाली. आवाज बारीक.

"मम्मी, विकून टाक ना ती गाडी."

"घेणार कोण?"

ह्यांच्या फोटोपुढं, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली. काही मागितलं नाही. काय मागायचं ते सुचलं नाही.

११ सप्टेंबर

श्रुतीकडं जायलेय. ताप उतरेना. सकाळची गाडी.

१५ सप्टेंबर, बिदर, दवाखाना

लिहायला आज हात चालायलाय.

कलबुर्गीत श्रुतीला सलाइन चालू होतं तेव्हा बशीरभाईंचा फोन. नेहमी हिंदीत बोलणारा माणूस मराठीत बोलला, म्हणूनच घाबरले. "ताई, या लौकर. मिलिंदला लागलंय."

जे कळलं ते असं. पाऊस थांबला नाही, राख बॉयलरच्या दारापर्यंत आली. सुपरवायझरचा मला फोन लागला नाही. त्यानं मिलिंदला केला. उद्यापासून दुसरं मशीन येणार, तुझ्या वहिनीला सांग, म्हणाला. मिलिंदनं मला सांगितलं नाही. आपली पाळी संपवून घरी आला, सविता पाण्याला गेलेली, गाडी काढली. अर्धंच ब्लेड लावून काम करायलता, असं वॉचमन सांगतो. सावकाश. दार मोकळं झालं पण होतं. शेवटचा ढीग चढावर सारताना ट्रॅक्टर मधून तुटला. इंजिन पुढं पडलं, मागचा भाग त्याच्यावर वाकला. मिलिंद पुढं फेकला गेला, डावा पाय क्लचवर होता तो दोन्हीच्या मध्ये.

गोदामातली त्याचीच गाडी आणून वर उचललं. तोपर्यंत तो शुद्धीत होता. बोलत होता म्हणे. वैनीला सांगू नका, पोरगी आजारी हाय.

१६ सप्टेंबर

गुडघ्याखाली हाड दोन जागी. डॉक्टर म्हणतात हाडाचं नंतर, आधी रक्त पोचतंय का ते बघू. पायाची दोन बोटं काळी.

सविता माझ्याशी बोलत नाही. मी आले की उठून खिडकीपाशी जाते. आज एकदाच, भिंतीकडं बघून, "तुमचं काम वाचवायला गेला."

खरं आहे.

१८ सप्टेंबर

मिलिंद जागा होता. सविता खाली औषध आणायला. मी म्हटलं, कामून गेलास? सांगितलं होतं ना सगळ्यांना.

"सांगितलं व्हतं. तुमचं काय चुकलं न्हाई वैनी. मीच गेलो."

मग चादर ओढून घेत, "घरात बसून तुम्ही कशा दिसायला लागल्या ते बघवंना."

ह्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर

२१ सप्टेंबर

दोन तुकडे ट्रॉलीतून घरी आणले. बशीरभाईंनीच आणले, भाडं घेऊ दिलं नाही कुणाला. परसात भिंतीकडेला उतरवले. शेजारच्या बायका येऊन बघून जातात, मयताला आल्यासारख्या. पदर तोंडाला.

सगळे गेल्यावर बशीरभाई तुटलेल्या जागेपुढं उकिडवे बसले. मला बोलावलं. "आपा, इधर देखो."

तुटलेल्या कडेचा थोडाच भाग पांढरा, साखरेसारखा दाणेदार. तो आत्ता तुटलेला. बाकीचा अर्ध्याहून जास्त काळा, तेल आणि राख आत मुरलेली. तो कधीचाच तुटलेला होता. मला बाहेरून केस दिसला तेव्हा आत निम्मं गेलेलं होतं.

"कधीपासून असंल?"

त्यांनी हात लावून बघितला. मग म्हणाले, "भाई के वक्त से."

म्हणजे हे चालवायचे तेव्हापासून. मला शिकवलं तेव्हापासून. पडीक रानात श्रुतीला मडगार्डवर बसवून चकरा मारायचे तेव्हाही. आणि आम्ही म्हणायचो, काय दणकट गाडी आहे.

बशीरभाईंना चहा दिला. प्यायले नाहीत. कप हातात धरून, "मैं बिठाया वो ब्लेड." मी म्हटलं, तुम्ही आणि ह्यांनी. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

२४ सप्टेंबर

बोटं काढली. दोन्ही. पाऊल वाचंल का ते अजून नाही सांगत. श्रुती आली, ताप गेलाय पण हडकलीय. तिनं फाइल वाचली. मला बाहेर नेऊन म्हणाली, "मम्मी, टाचेकडं रंग बरा नाही. काकूला मी सांगू का?"

"तू नको. डॉक्टर सांगतील."

तरी तीच सांगून आली. सविता तिच्या खांद्यावर रडली. माझ्यासमोर नाही रडत.

२७ सप्टेंबर

डबा माझाच चालू. सविता खाते, मिलिंदला भरवते, डबा धुऊन दारापाशी ठेवते. आज डब्यात मिलिंदचं उरलेलं अर्धं केळं ठेवलं होतं. मला की चुकून, कळलं नाही. खाल्लं.

गोदामवाल्यांनी मिलिंदच्या जागी दुसरा माणूस घेतला. त्याला अजून सांगितलेलं नाही. रोज विचारतो, माझी गाडी कोण चालवायलाय?

३ ऑक्टोबर

काल धम्मचक्र दिन. गावात मिरवणूक, आमच्या घरातून कुणीच नाही. विहारातल्या बाया येऊन पांढऱ्या साडीत अंगणात बसून वंदना म्हणून गेल्या. भिंतीकडेचे दोन तुकडे कुणीतरी ताडपत्रीनं झाकले होते. बरं केलं.

६ ऑक्टोबर

सुपरवायझर दवाखान्यात आला. मिलिंदच्या पायाकडं बघवंना त्याला, पंख्याकडं बघून बोलत होता. जाताना मला जिन्यात गाठलं. मशीन आलंय, ठेकेदाराचं. ड्रायव्हर पळून गेला, राखेचं काम कुणाला नको. "नीवे बर्री अक्का." तुम्हीच या. आठ दिवसांत शिकाल.

मी जिना चढून वर आले.

७ ऑक्टोबर

बघून आले. कुणाला न सांगता. वॉचमननं बांबू वर केला, मी चालत होते तरी.

पिवळं, बुटकं, रुंद. पुढची बकेट आमच्या ब्लेडच्या दुप्पट. सीटभोवती लोखंडी पिंजरा. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, वर बसून बघा. मी आधी खाली झोपले. ओल्या राखेत पाठ टेकून हातानं चाचपत गेले, जोड, बोल्ट, कोपरे. एका जागी वेल्डिंग होतं, वर नवा रंग मारलेला. नखानं खरवडला. चीर आहे की रंगाचीच कड, उजेड कमी होता, कळलं नाही.

मग वर बसले. चावी फिरवली. इंजिनाची थरथर सगळ्या अंगातून गेली. किती दिवसांनी. लगेच बंद केली, लाज वाटली.

८ ऑक्टोबर

मिलिंदचं उद्या परत ऑपरेशन. पाऊल ठेवायचं का नाही ते उघडून बघितल्यावर ठरवणार. सह्या सवितानं केल्या.

संध्याकाळी व्हरांड्यात दोघी बाकड्यावर. ती ह्या टोकाला, मी त्या. कधी ना कधी सांगायचंच होतं. तिला दुसऱ्याकडून कळायला नको. म्हटलं, कंपनीतून बोलावणं आलंय. त्यांच्या मशीनवर.

ती हातातला डबा गुडघ्यावर ठेवून बसून राहिली. आत नर्स कुणाला तरी हाक मारत होती. मला वाटलं, उठून जाईल.

"ते तरी नवं हाय का?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली.

"न्हाई," म्हटलं. "जुनंच हाय."

ती उठून गेली नाही. हो का नाही, ते सुपरवायझरला उद्या सांगते म्हटलंय.