खुंटीवरचे साचे

११ नोव्हेंबर

कोळसा आला नाही. येणारही नाही — गाड्या आता फक्त सैन्यासाठी. दुकानातल्या फळ्या, बाक, गिऱ्हाइकांच्या खुर्च्या, सगळं शेगडीत जाऊन झालं. आज सासऱ्यांनी शिडी लावली आणि भिंतीवरून शाळेच्या मास्तरांचे साचे काढले. इतकी वर्षं ज्या लाकडी पावलांवर मास्तरांचे बूट शिवले, ती. मास्तर पहिल्याच महिन्यात लढाईत मारले गेले.

सासरे म्हणाले, "गेलेल्यांचेच जाळायचे. जो परत येणार आहे त्याचे खुंटीवर राहतील." आणि जोडी आत टाकली. लाकूड जुनं, सुकं. चांगलं पेटलं. मी हात शेकले. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर

नवे बूट कोणी शिवून घेत नाही. बायका नवऱ्यांचे बूट घेऊन येतात — कापून लहान करून द्या म्हणतात. पोस्टमन लढाईवर गेला, त्याची बॅग आता त्याची बायको वाहते. त्याच्याच बुटात कागदाचे बोळे कोंबून गावभर फिरते. सगळे तिला पोस्टवाली म्हणतात. आज तिच्या बुटाला आतून अस्तर लावून दिलं.

पूर्वी सासरे मला आरीला हात लावू देत नसत. "बाईच्या हाताला टाका बसत नाही," म्हणायचे. आता मी शिवते, ते दोरा मेणातून ओढून देतात. युद्धानं देशाचं काय केलं ते मोठी माणसं सांगतील. मला मात्र कारागीर केलं.

२० नोव्हेंबर

पोस्टवाली गल्लीत शिरली की दारं लागतात. गेलेल्यांची बातमी तिच्याच बॅगेतून येते. तिचा काय दोष? तरी लागतात.

आज ती औषधांच्या दुकानात, औषधवालीकडे थांबली. औषधवालीचा नवराही लढाईवर. दुपारी औषधवाली आमच्याकडे आली. सासऱ्यांना म्हणाली, "आमचे उतरवा आता." एवढंच. सासऱ्यांनी शिडी लावली.

संध्याकाळी तिची सासू आली. रिकाम्या खुंटीकडे बघत उभी राहिली. औषधवाली मागून धावत आली — "काही नाही हो, आई. ह्यांच्याकडे लाकूड नव्हतं म्हणून दिले." म्हातारीनं ऐकून घेतलं. "बरं बाई," म्हणाली आणि घरी गेली. तिला काय कळायचं ते कळलं होतं.

२७ नोव्हेंबर

पाण्याच्या रांगेत हल्ली कोणी 'गेला' म्हणत नाही. "त्याचे साचे उतरले," म्हणतात. शब्द आमच्या दुकानातून निघाला आणि गावभर झाला. सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरंय. तेवढंच आपलं नाव."

२ डिसेंबर

ह्यांचं पत्र नाही. उन्हाळ्यापासून नाही. निघताना एकच सांगून गेले — "मी येईपर्यंत बाबांना सांभाळ." जसं काही ते माझ्या हातात! पण सांगून गेले. तेवढं एक काम मला दिलंय.

सासरे रोज सकाळी ह्यांच्या साच्यांवरची धूळ पुसतात. बाकीच्यांची पुसत नाहीत.

९ डिसेंबर

सासऱ्यांच्या छातीत कफ. ताप. डॉक्टर लढाईवर, औषधवालीची कपाटं रिकामी. ती म्हणाली, "उबेत ठेव. दुसरं काही नाही माझ्याजवळ." दुष्काळात तेरावा महिना.

१२ डिसेंबर

गेलेल्यांचे संपले. भिंतीवर आता फक्त येणाऱ्यांचे.

१५ डिसेंबर

सासऱ्यांचे ओठ निळे पडले. कपाटाचं दार जाळलं, पुरलं नाही. भिंतीसमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. दुसऱ्याच्या माणसाला हात कसा लावू? उद्या त्याची बायको येऊन विचारेल. मग ह्यांचे काढले. आपलं ते आपलं. हे इथे असते तर त्यांनीच टाकले असते.

सासरे जागे झाले तेव्हा खोली गरम होती. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, रागावणार. पण त्यांनी नुसतं पांघरूण ओढून घेतलं. ओठांना रंग आला होता. मला आनंद झाला — खूप दिवसांनी काहीतरी वाटलं.

१६ डिसेंबर

सासरे खात नाहीत. सूप तसंच राहिलं. मध्येच म्हणाले, "तुला कधी कळलं, सूनबाई?"

"काय, बाबा?"

"राहू दे."

१७ डिसेंबर

भांडी घासताना डोक्यात प्रकाश पडला. तशीच ओल्या हातांनी धावले. "बाबा, बातमी आली नाही हो! थंडी होती म्हणून जाळले. तुमची शपथ."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "औषधवालीनंही असंच सांगितलं होतं सासूला."

पोस्टवालीला बोलावून आणलं. तिनं बॅग त्यांच्या पांघरुणावर उलटी केली. "तुमच्या घरचं काही आलंच नाही, आजोबा. आलं असतं तर मीच आणलं असतं ना?" सासरे हसले. म्हणाले, "दोघी गुणाच्या पोरी आहात."

मी खोटं बोलले असते तर विश्वास बसला असता. खऱ्याला काय करू?

१८ डिसेंबर

शिवणकामाचं टेबल तेवढं आजवर जाळलं नव्हतं, पोट त्याच्यावर. त्याचाच पाय कापला, त्यातून ह्यांच्या मापाचा साचा कोरायला बसले. माप मला पाठ आहे. सासऱ्यांनी मान वळवून पाहिलं. "लाकूड वाया घालवू नकोस. जाळ." आणि तोंड भिंतीकडे केलं.

१९ डिसेंबर

पाणीसुद्धा नाही.

२१ डिसेंबर

सासरे गेले. सकाळी, मी चहा ठेवत असताना. रात्री टेबलही जाळलं होतं. खोली गरम होती.

रडू आलं नाही. पोस्टवाली रडली, औषधवाली रडली. मी शिडी लावली आणि सासऱ्यांचे साचे काढले. नियम त्यांचाच होता.

६ जानेवारी

हे आले. कैदेत होते. तिथे पत्र लिहू देत नव्हते.

दारातूनच आत बघत हळू आवाजात विचारलं, "बाबा झोपलेत का?"

मी सासऱ्यांच्या रिकाम्या खुंटीसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "आधी बूट काढा."