सवयीची खोली

४ नोव्हेंबर
घरून निघाले तर पुन्हा ट्रॅफिक. लॅबमध्ये पोचल्या पोचल्या उंदरांना मॉर्फिन टोचलं. मग एकेकाला गरम प्लेटवर ठेवायचं, पाय कधी चाटतो, म्हणजे चटका कधी जाणवतो, ते बघायचं. सुरुवातीला बराच वेळ ढिम्म उभे राहायचे. आता तोच डोस, आणि ठेवल्याबरोबर पाय वर. सवय झाली त्यांना.
घरी नितीनचंही तेच. हाडांचा कॅन्सर, मॉर्फिनची गोळी, दिवसभर बेडरूम. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तीही पुरेना. विचारलं की म्हणतो, "सवय झालीय." गोळीची की दुखण्याची, ते नवरोबा सांगत नाहीत. मीही खोदून विचारत नाही. दमलेय.

९ नोव्हेंबर
आकडे बिघडले. उंदीर प्लेटवर पुन्हा ढिम्म. आमच्या बॉस डॉ. सलमा थेट माझ्यावरच घसरल्या, म्हणे डोस जास्त दिलास. नाही दिला! शेवटी उलगडा झाला. पिंजरे सांभाळणाऱ्या प्रकाशनं रंगकामासाठी सगळे पलीकडच्या खोलीत हलवले होते. मीही तिथंच टोचलं, त्यात काय एवढं म्हणून. प्रकाश सावंतवाडीचा. "उंदरांका काय ता, खोली ती खोली!"
सलमाबाई हसल्या. म्हणाल्या, रोजच्या खोलीत शरीर आधीच तयारीत असतं. नव्या जागी बेसावध सापडतं, तोच डोस जास्त चढतो. कधी जिवावरही बेततं.
मला सॉरी मात्र नाही म्हणाल्या. खलास.

१० नोव्हेंबर
जेवताना नितीनला हे सांगून बसले. नको होतं सांगायला. कितीतरी दिवसांनी डोळे चमकले त्याचे.
"मग मलाही हलव की हॉलमध्ये."
म्हटलं, तू काय उंदीर आहेस? जीव जाईल.
"दुखणं तरी जाईल."
ओरडले त्याच्यावर. मग भांडी घासताना रडले.

१३ नोव्हेंबर
दुपारी लवकर आले, तर गादी हॉलमध्ये! शेजारच्यांना बोलावून हलवून घेतली. आणि हा गाढ झोपलेला. कण्हणं नाही, कपाळावर आठी नाही. हा चेहरा मी विसरलेच होते.
"नितीन! रोजचीच गोळी घेतलीस ना?"
"हं... एकच. झोपू दे गं. आज दुखत नाहीये."
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, हाकेला ओ देतोय ना, मग शेजारून हलू नका, हाका मारत राहा. ओ आली नाही तर लगेच अँब्युलन्स.
बसलेय. हाक मारते, तो वैतागून हं म्हणतो. वैतागू दे.
एकच म्हणाला. स्ट्रिप बेडरूममध्ये आहे. किती गोळ्या उरल्यात ते बघून यायचं तर याच्या छातीवरची नजर काढावी लागेल.