मुकादमाच्या निधनाची रजा

तीर्थरूप ताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं वाकली तेवढ्यांचाच नमस्कार तूर्त पोचता करतो. उरलेली बरी झाली की पाठवीन.) तुझा गुडघा कसा आहे? भावजींचा खोकला त्यांच्या स्वभावासारखाच चिवट असणार, म्हणून त्याची चौकशी करत नाही. आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक नाही. आमच्या घरात मृत्यू झाला. घाबरू नकोस. मी पत्र लिहितो आहे आणि तुझी भावजय शेजारच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून बसली आहे, म्हणजे आम्ही दोघंही आहोत. मुकादम गेला.

मुकादम कोण, हे तुला ठाऊक नाही, कारण मी कधी कळवलं नाही. तुला कळवलं की भावजींना कळतं, आणि भावजी एकदा हसायला लागले की दिवसभर पुरवून पुरवून हसतात. मुकादम हा माझा उंदीर. पाळलेला. अंगाने काळसर, पोट पांढरं, शेपटीला मध्येच एक बाक. जन्मभर उंदीर मारून पोट भरणाऱ्याने उंदीर कसा पाळला, असं तू विचारशील. सगळेच विचारतात, आणि विचारताना प्रत्येकाला वाटतं की हे आपल्यालाच सुचलं.

आमच्या धंद्याची रीत तुला सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. उंदीर संशयी असतो. (त्याला माणसापेक्षा अक्कल जास्त असल्याचं हे एक लक्षण.) नवं खाणं दिसलं की जरासं चाखतो आणि थांबतो. म्हणून आम्ही आधी काही दिवस पिठाच्या नुसत्याच गोळ्या ठेवतो, औषधाशिवाय. त्याला सवय होते, विश्वास बसतो, तो बायकापोरांना घेऊन जेवायला यायला लागतो, आणि मग एक दिवस आम्ही त्याच गोळ्यांत औषध घालतो. या कामात कंपनीत माझा हात धरणारा कोणी नाही. एका धान्याच्या गोदामात असंच काम फत्ते करून मेलेले गोळा करत होतो, तेव्हा फाटक्या पोत्यात मुकादम सापडला. डोळे नुकतेच उघडलेले. त्याची आई कुठे गेली हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं. मी त्याला रुमालात गुंडाळून खिशात टाकलं आणि घरी आणलं.

तुझ्या भावजयीने त्याच दिवशी बजावलं की या घरात एक तर तो राहील, नाही तर मी. पुढे दोघंही राहिली. घरभर फिरून प्रत्येक वस्तू हुंगून बघायची आणि कुठलंच काम स्वतः करायचं नाही, ही त्याची चाल, म्हणून मी त्याला मुकादम म्हणू लागलो. संध्याकाळी मी आलो की बाहीतून चढून खांद्यावर बसायचा आणि कानाच्या पाळीला नाक लावायचा. दिवसभर ज्यांचं जे करून आलो त्याचा वास माझ्या अंगाला येत असणार, तरी बसायचा. ताई, माझ्यावर इतका विश्वास कोणी टाकला नाही. तूसुद्धा नाही, लहानपणी विहिरीत डोकावताना माझा हात धरायची नाहीस.

मग त्याच्या काखेत गाठ आली. जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, तर त्याने आधी माझ्या अंगातल्या कंपनीच्या शर्टाकडे पाहिलं. (शर्टाच्या खिशावर चारी पाय वर करून पडलेल्या उंदराचं चित्र आहे. मी बदलायला विसरलो होतो.) गाठ चाचपून म्हणाला, काही होण्यासारखं नाही, त्रास संपवलेला बरा, आणि तुमच्याकडे तर औषध घरचंच असेल. माणूस बोलला ते वाईट हेतूने नाही, हेच जास्त वाईट. मी मुकादमाला तसंच परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी माझ्या बाहीवरच गेला. आवाजसुद्धा केला नाही.

आता रजेची गोष्ट ऐक. मी साहेबांना फोन करून सांगितलं की घरात मृत्यू झाला आहे, येता येणार नाही. माझा आवाजच असा झाला होता की त्यांनी कोण, काय, काही न विचारता रजा दिली. यात माझं काय चुकलं? दुपारी सगळे सहकारी समाचाराला आले, तेही कंपनीच्या गाडीतून. (गाडीच्या दोन्ही बाजूंना तोच पाय वर केलेला उंदीर, माणसाएवढा. सगळ्या इमारतीने खिडकीतून पाहिला. वरच्या मजल्यावरच्या बाई लगेच विचारून गेल्या, तुमच्याकडे फारच झालेत का.) दार तुझ्या भावजयीने उघडलं. तिला बघून पुढचे दोघे मागच्यांच्या पायावर पडले, कारण आणलेल्या पुष्पचक्रावर 'आमच्या लाडक्या वहिनींना' अशी पट्टी होती. माझ्या घरात दोनच माणसं, त्यातला मी फोनवर बोललेला, म्हणून त्यांनी हिशेब केला होता. तिने ती पट्टी वाचली, फुलं ताजी आहेत म्हणाली, आणि आपल्याच दुखवट्याला आलेल्यांसाठी चहा टाकला.

शेवटी कोणीतरी विचारलंच की मग गेलं कोण. मी तोंड उघडायच्या आत ती आतून म्हणाली, "यांचा उंदीर गेला." मला वाटलं, आता कोणीतरी खांद्यावर हात ठेवेल. तर आमच्यातले सगळ्यांत जुने, फवारणीचा पंप पाठीवर वाहून वाकलेले काका, कप बशीत ठेवून अगदी आपुलकीने म्हणाले, "कुठल्या औषधाने?"

त्यांनी थट्टा केली नव्हती. आयुष्यभर उंदीर गेला म्हटल्यावर पुढचा प्रश्न तोच विचारला, दुसरा त्यांना येत नाही. पण बाकीचे हसायला लागले ते गाडीत बसेपर्यंत हसत होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून सुनावलं की गिऱ्हाइकांना कळलं तर कंपनीची अब्रू जाईल, आणि रजा रद्द केली.

मी त्याला गच्चीतल्या मोठ्या कुंडीत पुरलं. तुझ्या भावजयीने त्यावर पुष्पचक्र आणून टाकलं, बहुधा घरात अडगळ नको म्हणून. तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. काळीज म्हणून जे असतं ते तिच्या माहेरी कोणाला दिलेलंच नाही. परवा जेवताना तिने पोळीचा तुकडा मोडून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, मग उचलून स्वतःच खाल्ला. मी म्हटलं, सवय. त्यावर तिने टीव्हीचा आवाज वाढवला. असा माझा संसार. ज्याच्याजवळ दुःख सांगावं असं एक माणूस या घरात नाही, म्हणून तुला एवढं लांबण लावलं. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. भावजींच्या कारखान्यात काही जागा असली तर बघ. दारावर बसायची, पेट्या मोजायची, कसलीही चालेल. कारण सांग की कंबर धरते. खरं कारण असं की सध्या एका बेकरीत माझं काम चालू आहे, आणि औषध घालायचा दिवस कधीच उलटून गेला तरी मी नुसत्याच गोळ्या ठेवतो आहे. गोळ्या सकाळी संपलेल्या बघून बेकरीवाला खूश आहे. उंदीरही खूश आहेत. हे फार दिवस झाकून राहायचं नाही.

ता. क. (दुसऱ्या अक्षरात) वन्सं, नमस्कार. यांनी पाकीट पोस्टात टाकायला दिलं, ते मी उघडून वाचलं. कंबरेचं खरं आहे, नोकरीचं तेवढं मनावर घ्या. आणि एक सांगते, यांना कळवू नका. हे सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. मधला सबंध दिवस तो माझ्या पदरात असायचा. मी त्याला मुकादम म्हणत नव्हते. मी ठेवलेलं नाव वेगळं होतं, आणि त्या नावाला तो पलंगाखालून धावत यायचा. मी टीव्ही मोठा करते तो बघण्यासाठी नाही. यांना निदान एक दिवसाची रजा मिळाली.